मुका खांब

संपादकांनी मला हस्तकला शिक्षकाचे अनुभव लिहायला सांगितले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कागदाची फुलं आणि मातीची फळं असावीत. तीही मी शिकवली, अजून शिकवतो. पण जयपुरातल्या ज्या बालमंदिरात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं सगळे मला 'क्रोशेवाले मास्टरजी' म्हणून ओळखतात. मिशा असलेला माणूस हातात क्रोशाची सुई घेऊन बसलेला दिसला की नवे पालक आधी हसतात, मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसतात. आता मला त्याचं काही वाटत नाही. विशीत छातीच्या दुखण्यानं मी अकरा महिने आरोग्यधामात पडून होतो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. त्यांच्याकडून ही विद्या घेतली आणि तिनंच पुढं मला पोसलं.

जयपुरात आलो तेव्हा पहिल्याच थंडीत बाजारात एका दुकानावर पाटी पाहिली : 'यहाँ बढ़िया ऊन मिलती है.' मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, धन्य हे गाव! एवढं ऊन डोक्यावर असताना विकतही घेतात! हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात हे कळेपर्यंत दुकानदारानं माझ्याकडे दोनदा संशयानं पाहिलं होतं. तेव्हा मी खूप हसलो. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत गेला की काय होतं, याचा तो गमतीचा धडा होता. दुसरा धडा गमतीचा नव्हता. तो मला मिळाला नाही, एका चार वर्षांच्या मुलीला मिळाला. तो एकदा कागदावर यावा, म्हणून खरं तर हे लिहायला घेतलं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं सांगायला हवं. बालमंदिराचा उत्सव दर वसंत पंचमीला होतो. मुलं ससे, मोर, माकडं होतात. बड्या बहनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दरवर्षी नवं नाटक रचतात आणि पोशाख माझ्याकडे. लहान मुलाचा सगळ्यात सोपा अंगरखा म्हणजे दोन चौकोनी तुकडे. एक पुढं, एक मागं. खांद्यावर जोडायचे, मध्ये डोक्यापुरती जागा सोडायची. बगलेखाली जोडायचे, हातापुरती जागा सोडायची. झालं. चुकतो तो गळा. नवशिका मुलाची मान मोजतो. मोजायचं असतं डोकं. चार वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ आपल्याएवढं असतं. मापासाठी मी टेप काढत नाही, टेप पाहून मुलं पोट आत ओढतात. वीत लावायची, खेळता खेळता.

टाके मुख्यतः तीन. साखळी, खांब आणि मुका खांब. खांब घालताना सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेतात, म्हणून तो उंच होतो. मुका खांब वेढ्याशिवायचा. तो बुटका आणि घट्ट, जिथं घातला तिथून हलत नाही. पोशाखाला तोच बरा. त्यातून बोटं आरपार जात नाहीत आणि जनावराचं अंग भरीव दिसतं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. सिव्हिल लाइन्समधले एक मोठे अधिकारी मुलाच्या वाघाचा पोशाख बघायला जातीनं आले. शेपटी लोंबती बघून त्यांचा चेहरा पडला. "मास्टरजी, शेर की पूँछ झुकती नहीं है." मी शेपटीत बांबूची कामटी घातली. उत्सवात तो वाघ बसूच शकला नाही. दोन तास सगळ्या मुलांच्या मध्ये एकटाच उभा. मी तोंड लपवत होतो आणि साहेब मात्र शेजाऱ्याला सांगत होते, "देखा? सबसे अलग दिखता है."

आता कुमुद.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या सुमाराची गोष्ट. कुमुदचे वडील इथल्या इस्पितळात डॉक्टर. घराणं मराठी, पण ते जयपुरातच वाढलेले, त्यामुळे त्यांचं मराठी अडखळत चालायचं. आई साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आलेली. मुलगी दिवसभर हिंदीत आणि आईच्या मांडीवर तेवढी मराठीत. घरी अखंड बडबड, असं आई सांगायची. बालमंदिरात मात्र आली त्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नाही. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसती गप्प. चार महिने झाले तेव्हा बड्या बहनजी मला म्हणाल्या, "मास्टरजी, आपकी ही भाषा की बच्ची है. आप बुलवाइए."

मला ते भूषण वाटलं. आठवडाभर मी तिच्यामागं लागलो. "कुमू, हे काय? कुमू, तो कोण? काकांना नाव नाही सांगणार?" ती माझ्या मिशांकडे बघायची आणि पापण्या मिटायची. मी हरलो, आणि हरल्याचा राग मला आला. मधल्या सुट्टीत बहनजींनी विचारलं, "कुछ बोली?" मी म्हणालो, "अहो, हा आमचा मुका खांब आहे." आणि मग हातातल्या विणीवर तो टाका दाखवून समजावून सांगितलं : छोटा, घट्ट, जगह से हिलता नहीं. सगळ्या शिक्षिका हसल्या. एकीला हसता हसता ठसका लागला.

माणसाला एकदा हसू मिळालं की तो तेच नाणं पुन्हा पुन्हा चालवतो. मीही चालवलं. सकाळी दारात, "आला का मुका खांब?" रांगेत, "मुका खांब, पुढं सरक." माझ्या मते ते लाडाचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

मुलांना मराठी कुठलं कळायला! त्यांनी ऐकलं 'मुक्का खंभा'. हिंदीत मुक्का म्हणजे बुक्की, खंभा म्हणजे खांब. मुलांच्या हिशेबानं अर्थ सरळ होता : जो खांब आहे त्याला मुक्का मारायचा. त्याचा खेळ झाला. एकानं खांब व्हायचं, बाकीच्यांनी पळत येऊन मूठ मारायची आणि परत पळायचं. खांबानं हलायचं नाही. आणि खांब कोण, हे तर मास्टरजींनीच ठरवून दिलं होतं.

हा खेळ मी व्हरांड्यातून आठ-दहा दिवस पाहिला. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. एकटी कोपऱ्यात बसणारी मुलगी मुलांच्या मधोमध उभी! एका संध्याकाळी स्वतः न्यायला आलेल्या आईला मी फुशारकीनं सांगितलं, "वहिनी, रुळली हो तुमची कुमू. खेळायला लागली."

एकटी धापू तेवढी बोलली. धापू आमची आया, जयपूरजवळच्या बस्सीकडची, मुलांना घरून आणायची-पोचवायची. ती म्हणाली, "मास्टरजी, छोरी डरपै छै." म्हणजे पोरगी घाबरते आहे.

"अगं, खेल रही है."

"खेलै कोनी. ऊभी छै."

खेळत नाही, उभी आहे. माझ्याहून कमी शिकलेल्या बाईला जे दिसलं, ते मला दिसलं नाही. मी सुई चालवत राहिलो.

चार दिवसांनी कुमुदची आई शाळेत आली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मास्तर, हा मुक्का-खंभा काय खेळ आहे हो? आंघोळ घालताना बघितलं, दोन्ही खांदे निळे झालेत."

त्या क्षणी मला सगळं कळलं. शब्द कुठून निघाला, कुठून कुठं गेला, सगळं. आणि मी काय म्हणालो? "मुलांचे खेळ असतात, वहिनी. मी बघतो."

मी बघितलं ते असं. रतन आणि सरोज या दोन दांडग्या मुलांना व्हरांड्यात कान पकडून घंटा होईपर्यंत उभं केलं. रतन म्हणाला, "पर मास्टरजी, आप ही तो बोलते हैं..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "चुप!" एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा वर्ग शांत झाला. पाच वर्षांचं पोर खरं बोलत होतं आणि मी त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवसापासून कुमुद यायची बंद झाली.

त्या वर्षी नाटकात तिला उंट केलं होतं. उंटाला बोलायचं नव्हतं. रंगमंचाच्या एका टोकानं यायचं आणि दुसऱ्या टोकानं जायचं, बस. बदामी लोकरीचा तिचा अंगरखा निम्म्याहून जास्त झाला होता, पाठीमागचा तुकडा पुरा, पुढचा अर्धा. रोज तो हातात घ्यायचो आणि टाके मोजायला लागलो की पहिला शब्द तोंडात यायचा तो 'मुका'. मोजता येईना. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. उत्सवाला तीन आठवडे उरले होते. पण खरी काळजी उत्सवाची नव्हती. आईनं नाव काढून घेतलं तर ही मुलगी शाळा म्हणजे बुक्क्या एवढंच घेऊन मोठी होणार होती, आणि ते माझ्यामुळं.

पाचव्या दिवशी माप घ्यायचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. आतल्या दाराच्या फटीत एक डोळा आणि अर्धा परकर दिसत होता. चहा तसाच ठेवून मी म्हणालो, "वहिनी, तो शब्द मुलांचा नाही. माझा आहे." आणि ठसका लागलेल्या शिक्षिकेपासून रतनच्या कानापर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तिला मराठी थोडंच येतं. 'मुका' म्हणजे तिला एकच माहीत आहे, मी झोपताना गालावर घेते तो. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना, त्या दिवशी नाचत घरी आली. म्हणाली, काका मुझे मुका बोलते हैं. मला वाटलं, शाळेत कुणीतरी जीव लावतंय."

मी मान खाली घातली. माझ्या तोंडून चेष्टा निघाली होती आणि तिनं ती पापा म्हणून घरी नेली होती. आणि मग त्याच नावानं बुक्क्या आल्या.

"माफ करा, वहिनी."

"मला कशाला म्हणता? तिला म्हणा. आणि मराठीत नको, तिला कळेल असं म्हणा." मग गार झालेला चहा उचलत, "आणि जिथं नाव ठेवलंत तिथं म्हणा. सगळ्या पोरांसमोर. मग मी पाठवते."

मी बड्या बहनजींना सांगितलं. त्या भल्या बाई, पण शिस्तीच्या. "मास्टरजी, अध्यापक बच्चों के सामने कान नहीं पकड़ता. आज आप पकड़ेंगे, कल वे आपके पकड़ेंगे." मलाही ते पटत होतं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धापू मुलांना घेऊन आली. तिच्या एका हाताला रोज कुमुद असायची. तो हात मोकळा दिसला आणि मग मला टाळता आलं नाही.

वर्गात सगळ्यांना बसवलं आणि हिंदीत म्हणालो, "कुमुद का जो नाम सब लेते हैं, वह मैंने रखा था. तुमने नहीं. बहुत गंदा काम किया. रतन और सरोज को सज़ा मिली, वह मुझे मिलनी थी." आणि कान पकडले.

मग रतननं हात वर केला. "मास्टरजी, घंटी तक."

"क्या?"

"हमको घंटी तक खड़ा किया था."

सरोज म्हणाली, "और बाहर. सबके सामने."

न्याय चोख होता. मी व्हरांड्यात जाऊन घंटा होईपर्यंत उभा राहिलो. पोस्टमन आला, मला बघून पत्रं उंबऱ्यावर ठेवून गेला. एका मुलीनं माझ्या धोतराच्या सोग्याला हात लावून विचारलं, "दुखता है क्या?" बड्या बहनजी दोनदा बाहेर आल्या आणि दोनदा आत गेल्या. काही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी कुमुद आली. मी वाकून तिला सांगितलं, "कुमुद, गलती मेरी थी. अब कोई नहीं मारेगा. और वह नाम कोई नहीं लेगा." तिनं ऐकून घेतलं, आपलं आसन उचललं आणि वर्गाच्या ज्या कोपऱ्यातून मी सगळ्यात लांब पडेन तिथं नेऊन टाकलं. क्षमा काही मागितली की लगेच मिळत नाही. मुलांना तर ते मोठ्यांहून चांगलं कळतं.

आठवडा गेला. ती माप देईना, मी मागेना. बहनजी म्हणाल्या, ऊँट सरोज को दे दो. मी म्हणालो, थांबा. मनाशी ठरवलं होतं की तिच्यामागं लागायचं नाही. अंगरखा अंदाजानं पुरा केला, गळा मोठा ठेवला. वशिंड वेगळं विणलं, टोपीसारखं गोल गोल वाढवत नेऊन आत कापूस भरला. मग दोन्ही वस्तू बुटक्या बाकावर ठेवल्या आणि मी खिडकीकडे तोंड करून दुसऱ्याच एका सशाचे कान विणत बसलो.

मागं पावलं वाजली. मी वळलो नाही. आणि मग एक आवाज, जो मी सहा महिन्यांत कधी ऐकला नव्हता, थोडा घोगरा, तक्रारीचा :

"यह क्या है?"

"कूबड़ है," मी खिडकीलाच सांगितलं. "ऊँट का."

"कहाँ लगेगा?"

"पीछे. पीठ पर."

विचार झाला. "पीछे लगेगा तो मुझे कैसे दिखेगा?"

आता मी वळलो. ती वशिंड दोन्ही हातांत धरून उभी होती. एवढ्या वर्षांत वाघ, मोर, माकडं मिळून शेकडो पोशाख केले असतील. पण शेपूट, पंख, वशिंड ही सगळी मजा आम्ही मागं लावतो आणि ज्याचं आहे त्यालाच ती दिसत नाही, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"फिर कहाँ लगायें?"

तिनं ते पोटावर धरून दाखवलं. "यहाँ."

"लोग हँसेंगे, कुमुद." हे मी सांगितलं, कारण या वेळी तरी खरं सांगायचं होतं.

तिनं वशिंड पोटावरून हलवलं नाही. मी दोन्हीकडे बटणं लावली. दोन सारखे तुकडे, पुढचा-मागचा भेद नाही. त्यामुळं वशिंड कुठंही लागलं असतं. म्हटलं, ऐन वेळी तिची ती ठरवेल.

वसंत पंचमीला मंडप भरला होता. पिवळी लुगडी, पिवळे साफे. कुमुदची आई तिसऱ्या रांगेत, डॉक्टर शेजारी. मी पडद्याआड. उंटाची पाळी आली. उंटानं हातातलं वशिंड पोटावर धरून बटणं लावली, माझ्याकडे पाठ केली आणि चालायला लागला.

मंडप हसला. लहान-मोठे सगळे हसले. पुढच्या रांगेतून बड्या बहनजी तोंडावर हात धरून पुटपुटल्या, "हाय राम, उल्टा!" उंट मधोमध थांबला. पुन्हा सगळ्यांच्या मध्ये, पुन्हा उभी, आणि पुन्हा माझ्या हातून. मी बाहेर पळत जाणार, तेवढ्यात धापूनं माझा दंड धरला. "ठहरो."

उंटानं मान खाली घालून वशिंडाकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी नीट बसवलं. लोकांकडे एकदा बघितलं. आणि आपल्या चालीनं, जराही घाई न करता, दुसऱ्या टोकाला गेला.

मी मागच्या बाजूनं धावत तिकडे पोचलो. ती पडद्याशी उभी होती, केस गळ्याच्या काठात अडकलेले. मी ते सोडवायला गुडघ्यावर बसलो.

"काका," ती म्हणाली, "सब लोग हँसे."

"हो," मी म्हणालो.

"मला पण हसू आलं." तिनं हे मराठीत सांगितलं, अगदी हळू, जणू गुपित. मग अंगरखा न काढता बाकावर चढून बसली. "अगली बार मैं क्या बनूँगी?"

"तू म्हणशील ते."

तिनं बोटांवर मोजायला घेतलं. बदक. रेलगाडी. कुल्फीवाला. धापूची बकरी, पण काळी. मोर नको, सगळे मोर होतात. चाँद, पर पूरा वाला. मंचावर पुढचं नाटक चालू होतं, तिकडे मुलं टाळ्या वाजवत होती, आणि ती सांगतच होती. रेलगाडी कशी विणणार, हे मला बिलकूल माहीत नव्हतं. पण मी तिला मध्ये थांबवलं नाही.